कायद्यात पीएचडी करायची आहे? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

मागच्या पावसाळ्यात सिंदेवाहीकडची एक वकील ताई फाइल घेऊन आली. कागद भिजू नयेत म्हणून खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणली होती. "सर, काहून अडला जी माझा कागद?" एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) 61 टक्के, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, विषयही नेमका. अडलं होतं ते ओबीसीच्या प्रमाणपत्रावर. तिच्याकडे राज्याच्या नमुन्यातलं होतं, हवं होतं केंद्राच्या नमुन्यातलं. ते काढायला गेली तर कार्यालयात नवऱ्याचं उत्पन्न विचारलं. नवरा बँकेत, म्हणून "तुम्ही क्रीमी लेयरमध्ये येता" असं सांगून परत पाठवलं.

हे साफ चुकीचं आहे. ओबीसीत क्रीमी लेयर, म्हणजे आरक्षणातून वगळलेला सधन वर्ग, ठरतो तो आईवडिलांवरून. नवऱ्याचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, उमेदवाराचं स्वतःचंही धरत नाहीत. तिचे वडील सहा एकर कोरडवाहू धान करतात. ती पात्रच होती, पण एका चुकीच्या प्रश्नापायी तिचे तीन महिने गेले.

गेली काही वर्षं आपल्या विदर्भातल्या मुलामुलींचे असे अर्ज मी बघून देतो. संशोधन कच्चं म्हणून परत आलेले अर्ज थोडे, कागदापायी आलेले जास्त. म्हणून हे लिहितो आहे.

पात्रतेचं थोडक्यात. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर 2022 चे आहेत. आपल्यासाठी सरळ वाट एलएलएमची, किमान 55 टक्के. अनुसूचित जाती, जमाती, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग यांना 5 टक्क्यांची सूट. 54.9 म्हणजे 55 नव्हे, टक्के वर ओढून धरत नाहीत. गुणपत्रिकेवर श्रेणी असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीत रूपांतराचा दाखला आधीच घ्या. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं लागतात, जास्तीत जास्त सहा, त्यापुढे दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ. महिलांना आणि 40 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असणाऱ्यांना आणखी दोन.

आता नेट, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. जून 2024 पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. पहिल्यात जेआरएफ, दुसऱ्यात सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेश, तिसऱ्यात फक्त पीएचडी प्रवेश. सहायक प्राध्यापकपदाची पात्रता जन्मभराची. पण दुसऱ्या-तिसऱ्या गटातले गुण पीएचडी प्रवेशासाठी फक्त एक वर्ष चालतात. "नेट झाली, आता निवांत अर्ज करू" असं म्हणून दीड वर्षानं आलेली मुलं मी पाहिली आहेत. प्रमाणपत्र हातात असतं, खरंही असतं, प्रवेशाला मात्र उपयोगाचं राहिलेलं नसतं. निकाल लागला त्याच आठवड्यात आसपासच्या विद्यापीठांच्या पीएचडीच्या जाहिराती शोधायला लागा. या दोन गटांच्या प्रवेशात परीक्षेच्या गुणांना 70 टक्के वजन असतं आणि मुलाखतीला 30. विद्यापीठाला स्वतःची प्रवेश परीक्षा घ्यायची मुभाही नियमात आहे, तेव्हा जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

जेआरएफला वयाची अट 30 वर्षांची. महिला, अनुसूचित जाती-जमाती, नॉन क्रीमी लेयर ओबीसी आणि दिव्यांग यांना पाच वर्षांची सूट आहे. एलएलएम झालेल्यांना तीन वर्षांची सूट आहे हे खुल्या प्रवर्गातल्या कित्येक मुलांना माहीतच नसतं, आणि 31 व्या वर्षी ते अर्जात जेआरएफचा रकानाच भरत नाहीत. सगळ्या सवलती मिळून मात्र पाच वर्षांच्या वर जात नाही.

पुन्हा जातीच्या कागदांकडे येतो. विद्यापीठ राज्याचं असेल तर तिथे राज्याचं नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्र चालतं. नेट, जेआरएफ आणि केंद्राची कुठलीही फेलोशिप यांना केंद्राचा नमुना लागतो. सेतू केंद्रात "नॉन क्रीमी पाहिजे" एवढंच सांगितलं की राज्याचाच अर्ज भरला जातो. "केंद्र शासनाच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र" असे पूर्ण शब्द बोला, पावतीवर तेच लिहिलं आहे ना ते तिथेच उभं राहून वाचा. भटक्या विमुक्तांपैकी बंजारा, धनगर यांच्यासारख्या जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत. नेटच्या अर्जात विजाभज (विमुक्त जाती-भटक्या जमाती) असा रकाना नसतो, म्हणून आर्णी-दिग्रसकडची काही मुलं चक्क खुल्यातून भरून मोकळी होतात. असं करू नका.

क्रीमी लेयरची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 8 लाखांची आहे, पण तो आकडा कशाचा हे नीट समजून घ्या. 8 सप्टेंबर 1993 च्या केंद्राच्या परिपत्रकाप्रमाणे उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, पगार वर्षाला नऊ लाखांवर गेला आहे, तेवढ्यानं मुलगा क्रीमी लेयरमध्ये जात नाही. तिथे वडिलांचं पद कोणत्या वर्गातलं हे बघतात. तहसीलच्या दाखल्यावर मात्र पगार, शेती सगळं एकत्र मिळवून आकडा येतो आणि खिडकीवरचा माणूस तोच बघून मान हलवतो. परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा. नम्रपणे दाखवा, आणि नकार दिला तर लेखी मागा. लेखी म्हटलं की पुष्कळदा फाइल पुढे सरकते.

आर्थिक दुर्बल घटकाचं याच्या उलट आहे. तिथे शेतीसह सगळं उत्पन्न धरतात, नवऱ्याचं किंवा बायकोचंही धरतात, आणि कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, प्रमाणपत्र मिळत नाही. पाच एकर कोरडवाहूत कापूस-तूर घेणाऱ्याला हा निकष जाचक आहे हे मलाही दिसतं, पण आज नियम तोच आहे. सातबारा आधी बघा, फुकट चकरा मारू नका.

लग्न झालेल्या मुलींसाठी आणखी एक. जातीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावानं, एलएलएम सासरच्या नावानं, आधार तिसऱ्याच स्पेलिंगनं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र, यातलं एक काहीतरी हातात पाहिजेच. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद केलेली नसते आणि ते कळतं ऐन शेवटच्या दिवशी.

राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपलाही जातीचे कागद लागतात. अनुसूचित जातींसाठी बार्टी, ओबीसी, विजाभज आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी. जातवैधता, म्हणजे जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, सहसा मागतातच, आणि खरा घाम तिथे फुटतो. पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. आजोबा शाळेतच गेले नाहीत, मग दाखला कुठून आणायचा? आपल्याकडे एक जागा आहे, कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची नोंद कोतवाल करायचा आणि त्यात जात लिहिलेली असायची. ती पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. नकलेचा अर्ज करा, पण आधी घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून आजोबांचं नेमकं नाव, त्यांच्या भावंडांची नावं आणि जन्माचं अंदाजे साल विचारून घ्या. एका मुलाला आजोबांची नोंद सापडत नव्हती. शेवटी आजोबांच्या बहिणीच्या जन्माची सापडली, पान कोपऱ्यातून वाळवीनं खाल्लेलं, जात मात्र स्वच्छ वाचता येत होती. वडिलांच्या बाजूच्या सख्ख्या-चुलत नात्यात कुणाकडे वैधता असेल तर वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासह ती जोडा, अशा वैधतेला मोठं वजन असतं. आणि हे काम प्रवेशाच्या वर्षी नाही, एलएलएमच्या पहिल्या वर्षातच सुरू करा.

नोकरी करणाऱ्यांचा अर्ज ना-हरकत प्रमाणपत्रावर पडतो. अर्धवेळ पीएचडी करता येते, पण नियमात या प्रमाणपत्रात तीन गोष्टी असाव्या लागतात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क (पीएचडीतला सुरुवातीचा अभ्यासक्रम) पूर्ण करण्यासाठी कार्यमुक्त केलं जाईल. आपल्याकडे मिळतो तो एका ओळीचा कागद, "सदर कर्मचाऱ्यास उच्च शिक्षण घेण्यास या कार्यालयाची हरकत नाही." तो परत येणार म्हणजे येणारच. साहेबांनी मसुदा करावा म्हणून वाट बघू नका. तिन्ही वाक्यं टाइप करून घेऊन जा, सही तेवढी मागा. शिक्षकांचा कागद केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढतो, तेव्हा दोन महिने हाताशी ठेवा.

तालुका कोर्टात वकिली करणाऱ्यांना मालकच नसतो, तरी छाननीत हा कागद मागतात. अशा वेळी सनदेची प्रत आणि आपण कुणाच्या नोकरीत नाही असं प्रतिज्ञापत्र चालेल का, हे संशोधन विभागाला अर्जाआधी लेखी विचारून उत्तर जपून ठेवा.

मार्गदर्शक. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. सर ओळखीचे आहेत, "ये, घेतो तुला" म्हणाले, आणि सर दोन वर्षांत निवृत्त होणार. सरांचं मन मोठं असेल, पण नियमात ते बसत नाही. हे दोन प्रश्न विचारायला संकोच करू नका: जागा रिकामी आहे का, आणि निवृत्ती कधी?

आता संशोधन आराखडा. माझा जीव खरा तुटतो तो इथे. आपल्या मुलांच्या अंगणात कायद्याचे जिवंत प्रश्न उभे आहेत, आणि आराखड्यावर शीर्षक असतं "भारतातील वनहक्क कायदा: एक अभ्यास". मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, "यात नवीन काय?" मुलगा गप्प होतो. हाच मुलगा एटापल्लीचा, त्याच्या काकांचा वनजमिनीवरचा दावा फेटाळलेला, घरात त्या निकालाचा कागद पडलेला. मी म्हटलं, तो कागद आण. आणला. चार ओळींचा, कारणाच्या जागी फक्त "पुरावा अपुरा". वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे. 2012 च्या दुरुस्तीत नियम 12-अ आला आणि उपविभागीय किंवा जिल्हा समितीनं दावा फेटाळला किंवा बदलला तर आदेश सकारण असला पाहिजे, कुठल्या तरी एकाच प्रकारच्या कागदाचा हट्ट धरता कामा नये असं त्यात आलं. मग प्रश्न समोरच उभा राहिला: या तालुक्यातल्या फेटाळणीच्या आदेशांत कारणं लिहिली आहेत का, आणि नसतील तर अपिलात त्याचं काय होतं? एवढा अरुंद आणि एवढा खोल प्रश्न असला की मुलाखतीत बोलायला शब्द शोधावे लागत नाहीत.

असे विषय पुष्कळ आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; त्यानंतर ग्रामसभेनं केलेले नियम आणि वनखात्याचा कायदा एकमेकांना कुठे भिडतात? गोसीखुर्द धरणाच्या बाधितांच्या वाढीव मोबदल्याच्या दाव्यांना किती काळ लागतो? 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात कलम 18 आहे, सावकारानं हडपलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. यवतमाळात त्या अर्जांचं पुढे काय झालं? कायद्याच्या संशोधनात आज फक्त निकाल वाचून लिहिणं पुरत नाही, कायदा गावात पोचल्यावर त्याचं काय होतं हे मोजणाऱ्या कामाला किंमत आहे. आणि ते मोजायला दिल्लीच्या मुलापेक्षा तुम्ही जवळ आहात.

माहिती कुठून मिळेल हे आराखड्यात लिहाच. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. लोकांची वैयक्तिक माहिती मागू नका, ती नाकारतील. आदेशांच्या प्रती नावं झाकून मागा.

बाकीचं साधं आहे. दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, फोटो, फी. प्रवेशानंतर किमान 12 श्रेयांकांचं कोर्सवर्क. शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती यूजीसीच्या 2022 च्या नियमांत राहिलेली नाही, तेव्हा पैसे घेऊन निबंध छापून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

दोन तारखा मात्र पुन्हा पुन्हा चुकतात. ऑनलाइन अर्जाची मुदत वेगळी आणि छापील प्रत पोचण्याची वेगळी. जाहिरातीत "पोहोचणे आवश्यक" लिहिलं असेल तर टपालात टाकल्याची पावती कामाची नाही. भामरागडहून पावसाळ्यात पाकीट निघालं तर आठ दिवस धरूनच चाला. दुसरी तारीख फेलोशिपची. राज्याच्या संस्था पीएचडीची नोंदणी कोणत्या तारखेपासूनची ते बघतात. प्रवेशपत्र, संशोधन समितीची बैठक आणि कायम नोंदणीचं पत्र, तिन्हीवर वेगवेगळ्या तारखा असतात. जाहिरातीत यातली कोणती धरली आहे ते पेनानं खूण करून ठेवा, आणि कायम नोंदणीचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी त्यावरची तारीख वाचा. चुकली असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, वर्षभरानंतर ती दुरुस्त करायला पुन्हा सगळ्या टेबलांवरून जावं लागतं.