मारिमो

गोड्या पाण्यातील तंतुमय हिरव्या शेवाळाचा, सरोवराच्या तळाशी गडगडत वाढलेला चेंडू. शास्त्रीय नाव एगाग्रोपिला लिनाई. ताकिया कावाकामी या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो १८९७ मध्ये जपानमधील होक्काइदो बेटावरच्या आकान सरोवरात आढळला. ‘मारी’ म्हणजे खेळायचा चेंडू आणि ‘मो’ म्हणजे पाण्यातली वनस्पती, यांवरून त्याने हे नाव दिले. युरोपात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्येच या शेवाळाची नोंद केली होती.

चेंडूच्या आत गाभा, बी किंवा खडा काही नसतो. मधून चहूकडे पसरलेले तंतू तेवढे असतात. हेच शेवाळ दगडांना चिकटून किंवा सुटे तरंगतही वाढते आणि तसे ते अनेक ठिकाणी सापडते. दुर्मीळ आहे तो चेंडू. त्याला उथळ, स्वच्छ पाणी लागते आणि वाऱ्याने उठणाऱ्या लाटा लागतात. लाटांनी तो फिरत राहतो, म्हणून सर्व बाजूंना ऊन मिळते आणि अंगावरचा गाळ धुतला जातो. वाढ वर्षाला काही मिलिमीटरच. आकानमध्ये ३० सेंटिमीटर व्यासाचे चेंडू होतात. एवढे मोठे चेंडू आतून पोकळ असतात, कारण मध्यापर्यंत उजेड पोचत नाही. वादळात ते फुटले की तुकड्यांतून नवे चेंडू घडतात. म्हणूनच मारिमो काचेच्या भांड्यात ठेवला म्हणजे वाचवला, असे होत नाही. वाचवायचे ते सरोवराचे हलणे.

आकानभोवतीच्या जंगलतोडीने गाळ आला, वीजनिर्मितीसाठी पाण्याची पातळी खाली-वर केली गेली, शिवाय शोभेसाठी चोरीही झाली. मारिमोला १९२१ मध्ये नैसर्गिक स्मारकाचा आणि १९५२ मध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला, तरी सरोवरातील काही वसाहती कायमच्या गेल्या. नेलेले चेंडू परत आणून द्यावेत, या आवाहनातून १९५० मध्ये मारिमो उत्सव सुरू झाला. त्यात ऐनू या होक्काइदोच्या मूळ रहिवासी समाजातील ज्येष्ठ मंडळी आजही चेंडू पाण्यात सोडतात. आकानच्या दुकानांत मिळणारे चेंडू बहुतेक सुटे तंतू हाताने वळून केलेले असतात.

आइसलँडमधील मिवात्न सरोवराची कथा अधिक दुःखाची आहे. मासेमारांच्या जाळ्यात अडकणारे हे चेंडू तिथे ‘कुलुस्कितुर’, म्हणजे गोल घाण, म्हणून ओळखले जात. १९६७ ते २००४ या काळात सरोवराच्या तळातून डायटोमाइट, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा साचलेला थर, उपसला गेला. पोषकद्रव्ये वाढून पाणी नील-हरित जीवाणूंनी गढूळ होऊ लागले आणि तळाशी उजेड पोचेना. २००६ मध्ये कायद्याचे संरक्षण आले, पण २०१४ पर्यंत चेंडू जवळजवळ नाहीसे झाले होते. तोडायला बंदी घालता येते, अंधाराला नाही.

आकानमध्ये संशोधकांपुढे आता बर्फाचा प्रश्न आहे. हिवाळ्यात सरोवर गोठते आणि जाड बर्फ व त्यावरचा हिम मारिमोवर सावली धरतात. बर्फ पातळ झाला, तर थंड पाण्यातच प्रखर ऊन पडते आणि त्याने तंतूंच्या पेशींना इजा होते.