पार्श्वभूमी : अ‍ॅक्टिव्ह इन्फरन्समध्ये कुतूहल शिरलं कुठून?

अ‍ॅक्टिव्ह इन्फरन्सवर (मेंदू सतत भाकितं करतो आणि ती खरी ठरवायला कृतीही करतो, असं मानणारा सिद्धान्त) लिहायचं तर १८६०च्या दशकातल्या एका जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाला नमस्कार करून सुरुवात करायची, असा रिवाज पडला आहे. तो उरकून घेऊ. एक डोळा मिटा आणि उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी पापणीवरून बोटाने अगदी हलकेच दाबा. समोरची भिंत सरकल्यासारखी दिसते. तोच डोळा आपणहून फिरवला तर भिंत जागची हलत नाही. म्हणजे डोळा फिरवायला आपणच निघालो होतो, हे मेंदू हिशेबात धरतो. पाहणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान, हा त्या शास्त्रज्ञाचा निष्कर्ष. आणि त्या अनुमानात हालचाल पहिल्यापासूनच होती. १९५०मध्ये एका माशीचं डोकं १८० अंशांत फिरवून बसवलं, तर ती स्वतःभोवती गरगरत राहिली, कारण हालचालीतून जे दिसायला हवं त्याच्या नेमकं उलट दिसत होतं. मुद्दा तोच.

मधली वर्षं ओलांडून थेट १९९०च्या दशकात येऊ. मशीन लर्निंगवाल्यांनी भौतिकशास्त्रातून ‘व्हेरिएशनल फ्री एनर्जी’ उचलली. ज्याची नेमकी किंमत काढणं आवाक्याबाहेरचं, त्याला हिशेबात बसेल अशी मर्यादा घालण्याची ही युक्ती. मेंदूच्या बाबतीत ती किंमत म्हणजे ‘धक्का’: मिळालेलं निरीक्षण किती अनपेक्षित होतं. १९९९मध्ये दृष्टीच्या कॉर्टेक्सचं (मेंदूतल्या पाहण्याच्या भागाचं) प्रेडिक्टिव्ह कोडिंगचं मॉडेल आलं: वरून भाकीत खाली येतं आणि फक्त चूक वर जाते. २००५-०६च्या सुमारास लंडनमधल्या एका संशोधकाने, जो मेंदूच्या स्कॅनच्या सांख्यिकीसाठी आधीच नावाजलेला होता, हे धागे एकत्र बांधले: मेंदू जे काही करतो ते फ्री एनर्जी कमी करण्यासाठी.

यात हालचाल बसवणं सोपं गेलं. भाकीत चुकलं तर भाकीत बदला, नाहीतर जग बदला. हात उचलायचा तर ‘हात वर आहे’ असं भाकीत खाली जातं आणि मज्जारज्जूतले प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) ते खरं करून दाखवतात. यासाठी बक्षीस ही कल्पनाच काढून टाकली. २००९च्या एका सिम्युलेशनमध्ये दरीतली अशक्त इंजिनाची गाडी आधी उलट्या उतारावर मागे जाते आणि मग वेग घेऊन चढते. कुठेही बक्षिसाचे गुण नाहीत. ‘मी वरच असतो’ एवढी तिची समजूत पुरते. इच्छा ही श्रद्धेच्याच खात्यावर टाकली.

त्यावरचा आक्षेप प्रसिद्ध आहे. धक्काच नको असेल तर प्राणी अंधाऱ्या खोलीत जाऊन का बसत नाही? २०१२मध्ये दिलेलं उत्तर असं, की आपल्यासारख्या भूक लागणाऱ्या प्राण्यासाठी अंधारात उपाशी बसणंच अनपेक्षित असतं. उत्तर बरोबर आहे, पण स्वस्तातलं. जे वागणं दिसेल ते पूर्वश्रद्धेत (प्राण्याच्या आधीपासूनच्या समजुतीत) कोंबायची मुभा असेल, तर कुठलाही प्राणी कधी सिद्धान्ताबाहेर पडणारच नाही.

खरी गाठ पुढे आहे, २०१५ साली. फ्री एनर्जी आत्ता मिळालेल्या निरीक्षणांवर काढता येते. बेत आखायचा तर निरीक्षणं अजून यायची असतात. म्हणून ‘एक्स्पेक्टेड फ्री एनर्जी’ नावाची नवी राशी आणली. तिचे दोन भाग: हवं ते किती मिळेल आणि अज्ञान किती घटेल. उदाहरण टी आकाराच्या चक्रव्यूहातल्या उंदराचं. खाऊ डाव्या फाट्यात की उजव्या, शक्यता निम्मी-निम्मी, चाली दोनच, फाट्यात शिरलं की परत फिरणं नाही. खाली टोकाला खाऊ कुठे आहे ते सांगणारी खूण ठेवलेली. उंदीर पहिली चाल खाली जाऊन खूण पाहण्यात घालवतो आणि मग बरोबर वळतो. अंधाऱ्या खोलीला यापेक्षा चांगलं उत्तर तोवर कोणी दिलं नव्हतं.

ही राशी आली कुठून, हा प्रश्न मात्र राहिला. समर्थनाचा युक्तिवाद असा: मी फ्री एनर्जी कमी करणारा आहे, तर पुढेही ती कमी होईल असेच बेत निवडेन, असंच मला स्वतःविषयी वाटलं पाहिजे. ऐकायला चोख. पण २०२१मध्ये ब्रिटनमधल्या तिघांनी हिशेब मांडून दाखवला, की मूळ फ्री एनर्जी सरळ भविष्यात ताणली तर ही राशी हाती लागत नाही. मूळ सूत्रात मत बदलण्याचा दंड भरावा लागतो. तोच भविष्याला लावला, तर नवं काही कळण्याची शक्यताच तोट्यात जमा होते आणि उंदीर खुणेकडे फिरकणार नाही. २०१५च्या सूत्रात ती रक्कम फायद्यात धरली आहे. म्हणजे कुतूहल सिद्धान्तातून निघालं नाही, वरून जोडलं गेलं. माहितीचा लाभ मोजून प्रयोग निवडायची कल्पना सांख्यिकीत १९५६पासून होती; तिथून ती घेतली असं सरळ म्हटलं असतं तर वाद इतका पेटला नसता. त्यानंतर समर्थकांनी स्थिर अवस्थेच्या भौतिकशास्त्रातून नव्या व्युत्पत्ती मांडल्या. त्या वाचल्यावर मला तरी उत्तर आधी ठरवून वाट मागून काढल्यासारखं वाटतं.

बाकी घडामोडी भराभर झाल्या. २०२२मध्ये पाठ्यपुस्तक आलं, अशी मॉडेलं बनवण्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं मोफत पॅकेज आलं. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या सुमारे ८ लाख न्यूरॉन्सना (मेंदूच्या पेशींना) पाँग हा चेंडू टोलवायचा जुना व्हिडिओ गेम खेळायला लावलं: चेंडू टोलवला तर अपेक्षित संदेश, हुकला तर गोंगाट. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातल्या ‘संवेदनक्षम’ अशा अर्थाच्या दाव्यावर पुढच्या वर्षी इतर संशोधकांनी एकत्रित पत्र लिहून हरकत घेतली. रोबोटवाल्यांना यातल्या कशाचंच सोयरसुतक नाही; उंदीर खुणेकडे जातो ना, मग २०१५चं सूत्र आहे तसं चालतं.