आडवर्षाच्या निवडणुका

व्हर्जिनिया राज्यात नोव्हेंबर आला की मतदान आलेच. एकही वर्ष सुटत नाही. सम वर्षी राष्ट्राध्यक्ष, अमेरिकी सिनेट, प्रतिनिधिगृह. विषम वर्षी गव्हर्नर, राज्याचे विधिमंडळ, काउंटीचा शेरीफ, शाळा मंडळ. न्यू जर्सीतही थोड्याफार फरकाने हेच. एडिसन किंवा जर्सी सिटीकडच्या मराठी घरांत नुकतेच नागरिकत्व मिळालेल्या माणसाला हे कोडेच वाटते. गेल्या वर्षी तर रांगेत उभे राहिलो होतो, मग आता पुन्हा कशासाठी?

या विषम वर्षांतल्या निवडणुकांना तिकडे ‘ऑफ-इयर’ म्हणतात. ५० पैकी ३४ राज्ये आपला गव्हर्नर राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर, म्हणजे मिडटर्मला निवडतात. ९ राज्ये राष्ट्राध्यक्षाबरोबरच निवडतात, आणि न्यू हॅम्पशायर व व्हर्मॉन्टमध्ये मुदतच दोन वर्षांची असल्याने दोन्ही वेळेला निवडणूक होते. उरली पाच: व्हर्जिनिया, न्यू जर्सी, केंटकी, मिसिसिपी आणि लुइझियाना. ही विषम वर्षवाली. शहरांचे म्हणाल तर न्यूयॉर्कपासून शिकागोपर्यंत कितीतरी महापौर विषम वर्षीच निवडले जातात. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या राजभवनातला राज्यपाल नव्हे. लोकांनी थेट निवडलेला तो राज्याचा कारभारी असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. फरक इतकाच की त्याचे सरकार मधेच पडत नाही आणि सभागृहही बरखास्त होत नाही. त्यामुळे एकदा ठरलेले वर्ष शंभर-दीडशे वर्षे तसेच चालत राहते, आणि ते कोणी, कशासाठी ठरवले हे विचारायचे लोक विसरून जातात.

मुळात सगळ्या देशाने एकाच दिवशी मत द्यावे ही कल्पनाच उशिरा आली. १७९२ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक निवडण्यासाठी राज्यांना डिसेंबरातल्या ठरल्या बुधवारआधीचे ३४ दिवस मोकळे दिले होते. एका राज्यात मत देऊन शेजारच्या राज्यात पुन्हा मत द्यायला जाणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १८४५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरवून टाकला. १८७२ च्या कायद्याने प्रतिनिधिगृहाची निवडणूकही पुढे त्याच दिवसावर आणली. राज्यांच्या आणि शहरांच्या निवडणुकांना मात्र या कायद्यांनी हात लावला नाही, तो राज्यांचा अधिकार होता. कुठे ऑगस्टात, कुठे ऑक्टोबरात, कुठे वसंतात मतदान चालू राहिले. मेन राज्य तर १९५८ पर्यंत आपला गव्हर्नर सप्टेंबरात निवडत असे. मेन जिकडे, देश तिकडे, अशी म्हणच पडली होती. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या विरोधात फक्त मेन आणि व्हर्मॉन्ट गेले, तेव्हा त्यांचे प्रचारप्रमुख जेम्स फार्ली यांनी म्हण फिरवली: मेन जिकडे, व्हर्मॉन्ट तिकडे.

तारीख हे राजकारणाचे हत्यार आहे हे न्यूयॉर्कने लवकर ओळखले. १८५७ मध्ये शहर डेमोक्रॅटांच्या हातात होते आणि राज्याची राजधानी ऑल्बनी इथले विधिमंडळ रिपब्लिकनांच्या. विधिमंडळाने शहराची नवी सनद आणली आणि महापौराची निवडणूक नोव्हेंबरातून डिसेंबरात ढकलली. आदल्याच वर्षी निवडून आलेले डेमोक्रॅट महापौर फर्नांडो वुड त्या डिसेंबरात हरले. शहराच्या भल्यासाठी केले, असेच तेव्हाही सांगितले गेले. पण दोन वर्षांनी, पुन्हा डिसेंबरातच, वुड परत निवडून आले. हत्यार चालते, पण दर वेळी आपल्याच हातून चालेल असे नाही.

खरा मोठा बदल १८९४ चा. त्या वर्षी लेक्झो समितीने न्यूयॉर्कच्या पोलिसांची हप्तेखोरी चव्हाट्यावर आणली होती आणि टॅमनी हॉल या डेमोक्रॅट यंत्रणेविरुद्ध शहर खवळले होते. राज्याची नवी घटना त्याच वर्षी झाली. तिच्यात कलम आले की शहरांच्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक विषम वर्षीच घ्यायची. सुधारकांचे म्हणणे ऐकायला सरळ होते. गटार, शाळा, पोलीस यांचा राष्ट्रीय पक्षांशी काय संबंध? राष्ट्राध्यक्षाच्या लाटेत नगरसेवक वाहत येऊ नये, मतदाराने शहराचा विचार शहरापुरता करावा. त्याच वर्षी उभी राहिलेली नॅशनल म्युनिसिपल लीग ही सुधारकांची संघटना हेच देशभर सांगू लागली, आणि पुढच्या तीस वर्षांत शेकडो शहरांनी आपल्या निवडणुका बाजूला काढल्या. काहींनी तर मतपत्रिकेवरून पक्षाचे नावच काढून टाकले.

हेतूबद्दल मी शंका घेणार नाही, निदान सगळ्यांच्या नाही. पण परिणाम पाहा. एकत्रित न्यूयॉर्क शहराच्या महापौराची पहिली निवडणूक १८९७ मध्ये झाली. विषम वर्ष, सुधारकांना हवे तसे. जिंकले कोण? रॉबर्ट व्हॅन विक, टॅमनीचा माणूस. हे आश्चर्य मुळीच नव्हे. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नसली की हौशी मतदार घरी बसतो. ज्याची नोकरी, ठेका किंवा पगारवाढ त्या निकालावर अवलंबून असते तो मात्र पावसातही जातो. मतदार कमी झाले की घोळक्याने येणाऱ्यांचे वजन वाढते. टॅमनीकडे गल्लोगल्ली माणसे होती. पुढे तेच गणित शिक्षक, पोलीस आणि अग्निशमन दलाच्या संघटनांनी जमवले. बर्कलीच्या राज्यशास्त्रज्ञ सारा अँझिया यांनी या विषयाचा पाठपुरावा केला आहे. शाळा मंडळाची निवडणूक जिथे वेगळ्या वेळी होते तिथे शिक्षकांचे पगार तुलनेने जास्त असतात, असे त्यांना आढळले.

दक्षिणेत मात्र मतदार कमी करण्याच्या हेतूवरही पडदा नव्हता. व्हर्जिनियाच्या मतदारांनी गव्हर्नर थेट निवडला तो प्रथम डिसेंबर १८५१ मध्ये. यादवी युद्धानंतर राज्य लष्करी अमलाखाली होते. नव्या घटनेबरोबर निवडणूक झाली ती जुलै १८६९ मध्ये. तेव्हापासून चार-चार वर्षांनी मोजत या, दर वेळी विषमच वर्ष येते. म्हणजे वर्ष ठरण्यात कावा नव्हता. त्याचा उपयोग नंतरच्यांनी करून घेतला.

१९०२ च्या घटनेने मतदानावर कर बसवला: वर्षाला दीड डॉलर, तीन वर्षांची थकबाकी एकदम, आणि तीही निवडणुकीच्या सहा महिने आधी भरायची. म्हणजे नोव्हेंबरच्या मतासाठी वसंतातच पैसे मोजायचे, जेव्हा सामान्य माणसाच्या डोक्यात निवडणूक नसतेच. कार्टर ग्लास यांनी घटना परिषदेत उघडच सांगितले होते की भेदभाव करायलाच ही परिषद निवडून आली आहे. कृष्णवर्णीय मतदार जवळजवळ पुसले गेले, आणि गरीब गोरेही मोठ्या संख्येने. ही घटना लोकांच्या मताला टाकलीसुद्धा नाही, परस्पर जाहीर केली.

उरलेल्या मूठभर मतदारांवर हॅरी बर्ड यांनी चार दशके राज्य केले. १९२६ ते १९३० ते स्वतः गव्हर्नर होते, नंतर अमेरिकी सिनेटर. पण काउंटीच्या कचेऱ्या त्यांच्या माणसांच्या हातात राहिल्या. डेमोक्रॅटांची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी, हीच खरी निवडणूक, आणि तिला आठ-नऊ प्रौढांमागे जेमतेम एक जण येई. इथे विषम वर्ष कसे कामाला आले ते बघण्यासारखे आहे. १९५२, १९५६ आणि १९६० मध्ये व्हर्जिनियाने राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकनांना मत दिले. बर्डसाहेब स्वतः डेमोक्रॅट, पण अशा वेळी मौन पाळत, आणि ते मौन कसे वाचायचे हे त्यांच्या लोकांना ठाऊक असे. राज्याची निवडणूक त्याच दिवशी असती तर या लाटेत बर्ड यांची माणसेही अडचणीत आली असती. वर्षे वेगळी असल्याने वॉशिंग्टनसाठी एक मत आणि राज्याची राजधानी रिचमंडसाठी दुसरे, असा संसार बिनबोभाट चालला. १९६४ ची चोविसावी घटनादुरुस्ती आणि १९६६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी मतदान कर संपवला, तेव्हा हा डोलारा कोसळला. १९६९ मध्ये लिनवूड होल्टन यांच्या रूपाने यादवी युद्धोत्तर काळानंतरचा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर आला. वर्ष मात्र विषमच राहिले. त्याच विषम वर्षांच्या रांगेत, १९८९ मध्ये, गुलामांचा नातू असलेले डग्लस वाइल्डर सात हजारांहूनही कमी मतांनी जिंकले आणि अमेरिकेत निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर झाले.

मिसिसिपीची १८९० ची घटना याच घराण्यातली. मतदान कर होताच, शिवाय राज्यस्तरीय पदासाठी एकूण मतांत बहुमत आणि वर बहुसंख्य मतदारसंघांतही आघाडी, अशी दुहेरी अट. ती न जमल्यास निवड सभागृहाकडे. १९९९ ची निवडणूक अशीच अडकली आणि जानेवारी २००० मध्ये सभागृहाने रॉनी मसग्रोव्ह यांना गव्हर्नर केले. लोकांनी ही अट काढली ती थेट २०२० मध्ये.

न्यू जर्सीची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते या पाचांत सर्वांत प्रामाणिक. तिथे १८४४ पासून गव्हर्नरची मुदत तीन वर्षांची होती, त्यामुळे निवडणूक कधी सम वर्षी तर कधी विषम वर्षी पडे. १९४७ च्या उन्हाळ्यात रटगर्स विद्यापीठात घटना परिषद बसली. गव्हर्नर आल्फ्रेड ड्रिस्कॉल यांना मुदत चार वर्षांची हवी होती. त्यांच्या स्वतःच्या तीन वर्षांनंतरची निवडणूक १९४९ मध्ये येत होती, तिथूनच नवे चक्र सुरू झाले, आणि राज्याचे राजकारण राष्ट्रीय धुरळ्यापासून दूर राहील म्हणून ते तसेच ठेवले गेले. विधिमंडळही विषम वर्षीच.

लुइझियानात तारीख बदलायला एका माणसाचा थकवा पुरला. एडविन एडवर्ड्स १९७१ च्या अखेरीस पक्षाच्या दोन प्राथमिक फेऱ्या लढले, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये ताज्यातवान्या रिपब्लिकन उमेदवाराशी तिसरी लढाई. जिंकल्यावर त्यांनी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक फेरीत आणणारा कायदा करून घेतला आणि १९७५ पासून गव्हर्नरची निवडणूक विषम वर्षाच्या शरद ऋतूत आली. २००७ च्या ऑक्टोबरात बॉबी जिंदाल याच पद्धतीने पहिल्या फेरीतच निम्म्याहून जास्त मते घेऊन निवडून आले. भारतीय वंशाचे ते पहिले गव्हर्नर.

भारतीय वंशाच्या अनेकांची सुरुवात अशा आडवर्षीच झाली आहे. उपेंद्र चिवुकुला २००१ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळात गेले, सॅम जोशी २०२१ मध्ये एडिसनचे महापौर झाले, हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी २०१९ मध्ये व्हर्जिनियाच्या सिनेटमध्ये आणि २०२५ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नरपदावर पोचल्या. मतदार थोडे असले की एखाद्या संघटित वस्तीला दारे उघडतात. वर टॅमनीला नावे ठेवली ती या हिशेबात विसरून चालणार नाही.

वॉशिंग्टनची सावली पडू नये म्हणून ज्या निवडणुका बाजूला काढल्या, त्या आता वॉशिंग्टनच्याच उजेडात वाचल्या जातात. कारण उघड आहे. राष्ट्राध्यक्ष येऊन वर्ष झालेले असते, वाहिन्यांकडे दुसरा सामना नसतो आणि पक्षांच्या तिजोऱ्या मोकळ्या असतात. १९७७ पासून व्हर्जिनियाने गव्हर्नर जवळजवळ दर वेळी राष्ट्राध्यक्षाच्या विरोधी पक्षाचा निवडला, अपवाद फक्त २०१३ चा. १९९३ मध्ये व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी दोन्ही रिपब्लिकनांकडे गेले आणि पुढच्या वर्षी काँग्रेसही गेली. २००९ नंतर २०१० मध्ये, २०१७ नंतर २०१८ मध्ये तीच दिशा दिसली. एप्रिल २०२५ मध्ये तर विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका जागेसाठी एकूण दहा कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. इलॉन मस्क त्यात होते, आणि त्यांची बाजू हरली.

आता वारे उलटे वाहत आहे. लॉस एंजलिसच्या महापौरपदाच्या २०१३ च्या अंतिम फेरीला नोंदणीकृत मतदारांपैकी २३ टक्के आले. २०१५ मध्ये शहराने निवडणूक सम वर्षी नेण्याचा कौल दिला, आणि २०२२ मध्ये मतदान ४० टक्क्यांच्या पुढे गेले. कॅलिफोर्नियाने कमी मतदानाच्या शहरांना सम वर्षी येणे २०१५ च्या कायद्यानेच भाग पाडले. सॅन फ्रान्सिस्को आणि बाल्टिमोरही राष्ट्राध्यक्षाच्या वर्षात गेले. ओहायोचा किस्सा वेगळा. मतदान फार कमी होते म्हणून विधिमंडळाने ऑगस्टातल्या बहुतेक निवडणुका बंद केल्या, आणि काही महिन्यांतच, गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव अडवायला घटनादुरुस्तीची मर्यादा ६० टक्क्यांवर नेण्यासाठी, ऑगस्ट २०२३ मध्येच मतदान ठेवले. तीस लाखांवर लोक आले आणि त्यांनी ते फेटाळले.

न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये बहुतेक काउंटी आणि टाउनच्या निवडणुका सम वर्षी नेणारा कायदा केला. तो डेमोक्रॅटांनी केला, रिपब्लिकन काउंट्या न्यायालयात गेल्या. जास्त मतदान कोणाच्या पथ्यावर पडते याचा हिशेब दोन्हीकडे पक्का होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने कायदा उचलून धरला. न्यूयॉर्क शहर मात्र त्यात येत नाही, कारण १८९४ चे ते कलम अजून घटनेत आहे. ते बदलण्याच्या दिशेने पहिले पाऊल म्हणून शहराने ४ नोव्हेंबर २०२५ ला मतदारांना विचारले, महापौराची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या वर्षात न्यावी का? त्याच मतपत्रिकेवर झोहरान ममदानी यांची महापौरपदाची लढत होती आणि वीस लाखांवर मते पडली, १९६९ नंतर प्रथमच. विषम वर्षी आलेल्या या मतदारांनी प्रस्ताव नाकारला. न्यूयॉर्कच्या महापौराची पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे.