पुतळ्याविना जयंती: डिकन्स, अभिवाचन आणि कागदी रंगभूमी

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सनं १२ मे १८६९ रोजी केलेल्या मृत्युपत्रात मित्रांना बजावून ठेवलं होतं की माझं स्मारक नको, स्मृतिचिन्ह नको. माझी आठवण माझ्या पुस्तकांवर राहू द्या. चौकाचौकांत पुतळे पाहत वाढलेल्या मुंबईकराला हे जरा चमत्कारिकच वाटेल. अमेरिकेत फिलाडेल्फियाला आणि ऑस्ट्रेलियात सिडनीला त्याचे पुतळे झाले, पण पोर्ट्समथ या त्याच्या जन्मगावात पुतळा उभा राहायला २०१४ उजाडावं लागलं. मग जयंती करायची कशी? वाचून, नाटक करून, चित्रं काढून. देशोदेशीच्या शाळा-कॉलेजांत त्याच्या नावानं आज जे उपक्रम होतात, त्यांची मुळं मात्र मृत्युपत्रापेक्षा त्याच्या धंद्यातच जास्त सापडतात.

एप्रिल १८३६ पासून त्याची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी महिन्याला एक अंक असा निघू लागली. घडी बसल्यावर अंकाचं रूप ठरून गेलं: ३२ पानं, दोन चित्रं, हिरवट वेष्टन, किंमत एक शिलिंग. सुरुवातीला बांधणीला जेमतेम ४०० प्रती गेल्या होत्या. जुलैच्या अंकात सॅम वेलर हा गमत्या नोकर आला आणि नोव्हेंबर १८३७ मध्ये मालिका संपताना खप ४०,००० वर पोचला. आपल्याकडे १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' काढलं, तेव्हा मराठी वाचकालाही पुढच्या अंकाची वाट पाहण्याची हीच गोडी लागली. 'एक प्रकरण, एक चित्र आणि पुढे चालू' ही कार्यशाळा मुलांना चटकन कळते ती म्हणूनच. ए-४ चे आठ कागद मधोमध दुमडले की ३२ पानं होतात. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं उरतात. आठ कागद एकात एक घातले की आतली पानं बाहेर डोकावतात, तेव्हा आधी शिवायचं आणि कड मागाहून कापायची. बाहेरच्या बाजूचा समास सुरुवातीपासूनच सढळ ठेवावा, नाहीतर कापताना अक्षरं जातात.

दुसरं मूळ जाहीर वाचनांचं. २७ डिसेंबर १८५३ रोजी बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये त्यानं 'अ ख्रिसमस कॅरोल' वाचलं, ते एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी. सुमारे तीन तास लागले. ३० तारखेला पुन्हा वाचलं, या वेळी त्याच्याच आग्रहावरून सहा पेन्सांत, खास कामगारांसाठी. १८५८ पासून तो मानधन घेऊन वाचू लागला आणि तीन तासांचा मजकूर कापत कापत दीड तासाच्या आत आणला. त्याची ती प्रत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. छापील पानं मोठ्या कागदांत बसवलेली, ओळीच्या ओळी शाईनं खोडलेल्या, समासात आवाजाबद्दलच्या सूचना. अभिवाचन करणाऱ्या कोणत्याही मुलानं ही पानं पाहावीत; संकलन कशाला म्हणतात ते तिथं दिसतं. त्यानं वर्णनं छाटली, कथेतली सामाजिक टिप्पणी बरीच काढली आणि क्रॅचिट या गरीब कारकुनाच्या घरचं जेवण राखलं. वाचण्यात तो स्वतःला जपत मात्र नसे. १८६९ पासून 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग वाचू लागल्यावर त्याची नाडी ७२ वरून ११२ च्या पुढे जायची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दौरा अर्धवट सोडावा लागला. १५ मार्च १८७० ला शेवटचं वाचन झालं आणि ९ जूनला तो गेला.

१९०२ साली लंडनमध्ये डिकन्स फेलोशिप ही त्याच्या चाहत्यांची संस्था स्थापन झाली. १९१२ च्या जन्मशताब्दीसाठी एक पेनीचं तिकीट काढलं होतं. ज्याच्या घरी डिकन्सचं पुस्तक असेल त्यानं ते विकत घेऊन आत चिकटवायचं आणि पैसे वंशजांना जायचे. कल्पना छान, पण मुलांच्या हाती त्यात काही नव्हतं. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरला १९९१ पासून डिसेंबरात जत्रा भरते; नऊशेहून अधिक माणसं पात्रांच्या वेशात रस्त्यावर उतरतात. देखणं असतं, पण गरिबीची तिथं सजावट होते. द्विशताब्दीला, ७ फेब्रुवारी २०१२ रोजी, ब्रिटिश कौन्सिलनं २४ देशांत मिळून २४ तासांचं सलग वाचन घडवलं. भाग घ्यायला पोशाखही लागत नाही की मंचही, त्यामुळे हीच पद्धत पुढं टिकण्याजोगी.

मुंबईत हे करायचं तर तारीख आडवी येते. फेब्रुवारीत बारावीची गडबड असते, प्रात्यक्षिकांसाठी प्रयोगशाळा अडकतात. त्यामुळे सातवी ते नववी आणि पदवीची पहिली दोन वर्षं हाच गट हाताशी राहतो. एक योग मात्र जुळून येतो. कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा, डिकन्सच्या शताब्दीनंतर बरोबर वीस दिवसांनी. मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम शाळेत ठरलेलाच असतो, त्यालाच हे जोडलं की दुसरी परवानगी, दुसरा हॉल लागत नाही.

चाळीस मिनिटांच्या अभिवाचनाला साधारण ४,००० शब्दांची संहिता पुरते, कारण थांबत, आवाज बदलत वाचताना मिनिटाला शंभराच्या आसपासच शब्द होतात. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज असेल तर 'तो म्हणाला' सरळ काढून टाका. वाचक सहापेक्षा जास्त नकोत, माइकच्या देवाणघेवाणीतच वेळ जातो. मोबाइलवरून वाचू देऊ नका. स्क्रीन विझते, बोट लागून पान सरकतं आणि मूल गडबडतं. १६ पॉइंटचा टाइप, कागदाच्या एकाच बाजूला छपाई, पान वाक्याच्या मध्ये तुटू द्यायचं नाही आणि कागद फाइलमध्ये अडकवलेले. सुटे कागद पंख्याखाली उडतातच.

कागदी रंगभूमी, म्हणजे छापील पात्रं कापून छोट्या मंचावर नाचवायची, हे डिकन्सच्या काळातल्या मुलांचं खेळणं. पात्रांचा साधा कागद एका पेनीला, रंगवलेला दोनला. शाळेत असताना त्यानं मित्रांबरोबर असाच एक प्रयोग लावला आणि शेवटी नाटकातली गिरणी फटाक्यांनी उडवली, असं त्याच्या चरित्रात आहे. आपण फटाके वगळू. ४० बाय ३० सेंटिमीटरचं मंचाचं तोंड, चित्रांना दोन मिलिमीटरचा पुठ्ठा, पात्रं बाजूनं सरकवायला तार. मुंबईच्या दमट हवेत पातळ गोंदानं पुठ्ठा वाकतो. मागच्या बाजूलाही कागद लावायचा आणि रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवायचा. वीस-पंचवीस मुलांपलीकडे कुणाला काही दिसत नाही. प्रेक्षक जास्त असतील तर स्टँडवर मोबाइल लावून तेच चित्र प्रोजेक्टरवर दाखवावं.

दोन गोष्टी मुलांपासून लपवू नयेत. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या फॅगिन या खलपात्राला सतत 'ज्यू' म्हणत राहणं यावर एलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी १८६३ साली पत्रानं हरकत घेतली होती. १८६७ च्या आवृत्तीत डिकन्सनं तो शब्द अनेक ठिकाणी वगळला. तेव्हा भाषांतरासाठी त्यानंतरचाच पाठ घ्यावा. दुसरी गोष्ट १८५७ ची. ४ ऑक्टोबरच्या एका खाजगी पत्रात, आपण हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर इथल्या लोकांचा निःपात करायचा प्रयत्न केला असता, असं त्यानं लिहिलं आहे. त्याचा मुलगा वॉल्टर त्याच वर्षी हिंदुस्थानात फौजेत दाखल झाला होता. अनाथांसाठी कळवळणारा लेखक आणि हे पत्र लिहिणारा माणूस एकच आहे, हे नववीच्या मुलांना समजतं. वाचनानंतरच्या चर्चेसाठी निदान वीस मिनिटं ठेवा.

राहिला हक्काचा प्रश्न. मूळ इंग्रजी मजकुरावर आता कुणाचा हक्क नाही, मराठी अनुवादावर असू शकतो. अनुवादकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं तो टिकतो आणि तिकीट लावून वाचन करायचं असेल तर लेखी परवानगी हवीच. त्यापेक्षा पाच-सहा मुलांना एकेक प्रसंग वाटून द्यावा आणि त्यांनीच तो मराठीत आणावा. पहिला खर्डा इंग्रजी वळणाचा होतो, लांबलचक वाक्यं मोडावी लागतात. त्यासाठी तीन आठवडे हाताशी ठेवावेत.