गंधार बरोबर, मग ॲप लाल का?

ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. तंबोऱ्यावर गंधार (ग) सुरेख मिसळतो, पण सुराची उंची मोजणाऱ्या ट्यूनर ॲपची सुई ‘१४ सेंट कमी’ दाखवते. मग विद्यार्थी सुईच्या नादी लागून गंधार चढवतो आणि लागलेला सूर घालवून बसतो.

सेंट हे दोन सुरांमधलं अंतर मोजायचं माप, सप्तकाचे १२०० सेंट. बहुतेक ट्यूनर त्याचे बारा सारखे भाग करतात, म्हणून त्यांच्या लेखी शुद्ध गंधार षड्जापासून (सा) ४०० सेंटवर येतो. षड्जाशी कंपनांच्या ५:४ या प्रमाणात लागणारा गंधार ३८६ वर असतो. ॲपचं मोजमाप चोख आहे, फूटपट्टी तेवढी वेगळी.

हा फरक कानाला कळतो कसा, ही यातली खरी गंमत. सा २२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २२० कंपनांचा धरा. तारेतून किंवा गळ्यातून २२०सोबत ४४०, ६६०, ८८०, ११०० असे पटीतले सूर, म्हणजे हार्मोनिकही निघतात (२२० हा पहिला धरायचा). ५:४चा गंधार २७५चा, त्याचा चौथा हार्मोनिक ११००. साचा पाचवाही ११००. दोन्ही नेमके एकावर एक बसतात. ट्यूनरचा गंधार २७७.१८चा, त्याचा चौथा हार्मोनिक येतो ११०८.७. आता या दोन लहरी क्षणात एकमेकींना जोर देतात, क्षणात मारतात आणि सूर सेकंदाला पावणेनऊ वेळा थरथरतो. हेच बीट्स. पंचमाला (प) ही भानगड जवळजवळ नाही: साचा तिसरा हार्मोनिक ६६० आणि ट्यूनरच्या पंचमाचा दुसरा ६५९.२६, म्हणजे सव्वा सेकंदाहून जास्त वेळात एक संथ हेलकावा.

(४३२ हर्ट्झला वाद्य लावलं की आजार पळतात, असे व्हिडिओ जोरात चालतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप. ते वेगळं ठरलं असतं तर त्याच सुराचा आकडा बदलला असता. ५:४ मात्र ५:४च राहिलं असतं.)

बीट्स ऐकायला व्हिडिओ कॉल कुचकामी. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र सूर लावणं जमत नाही. शिवाय तंबोऱ्यासारखा अखंड आवाज कॉलच्या सॉफ्टवेअरला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. शिक्षकांनी गोंगाट कमी करणारी सेटिंग बंद करायला सांगावीच, पण कानाचा सराव फाइल पाठवून द्यावा.

ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर २२०चा सूर आणि दुसऱ्यावर पंचम तयार करा: एका फाइलमध्ये ३३०, पुढच्यांत ३३१, ३३२ आणि ३२८. विद्यार्थ्याने सेकंदाला किती बीट्स पडतात ते मोजून लिहावं. अनुक्रमे शून्य, दोन, चार, चार यायला हवेत. गंधाराची घाई नको, त्याची थरथर मोजता येण्याच्या पलीकडे जाते. लहरीचा प्रकार ‘सॉटूथ’ निवडा. ‘साइन’ला पहिल्याखेरीज हार्मोनिकच नसतात. ‘स्क्वेअर’ला फक्त विषम असतात, म्हणजे पंचमाचा दुसरा हार्मोनिकच गायब! दोन्हींत अपेक्षित बीट्स येत नाहीत आणि विद्यार्थी उगाच स्वतःच्या कानाला दोष देतो. दोन्ही ट्रॅक मध्यभागी ठेवा. एक डाव्या कानात, दुसरा उजव्यात गेला तर लहरी हवेत मिसळतच नाहीत.

पुढची पायरी गळ्याची. २२०चा सूर स्पीकरवर लावा आणि पंचम धरा, कंप न देता. स्वतःचा आवाज हाडांतूनही कानात पोचतो म्हणून तो मोठा भासतो. दोन्ही आवाज साधारण सारखे असतील तरच बीट्स ठळक पडतात. म्हणून स्पीकर वाढवण्याआधी गळा हळू करा.

३३२ आणि ३२८ दोन्हींना चारच बीट्स आले, तेव्हा सूर चढा आहे की उतरता हे बीट्स सांगत नाहीत. त्यासाठी गळा किंचित वर सरकवून पाहायचा. बीट्स मंदावले तर सूर उतरा होता, वाढले तर चढा. हे ठरवून वहीत लिहून झालं, की मग ट्यूनर उघडायला हरकत नाही.