युद्ध चालू असताना शत्रुदेशातल्या नातलगांना पत्र: परवानगी कोणाला, कशी आणि किती

दोन देशांत युद्ध सुरू झालं की टपाल थांबतं, पण दोन्हीकडे विभागलेली घरं तशीच राहतात. अशा वेळी 'आम्ही सुखरूप आहोत' एवढं कळवण्याचा कायदेशीर मार्ग असतो, आणि तो कोणत्याही सरकारच्या मर्जीवर सोडलेला नाही. बहुतेक कुटुंबांना हे माहीत नसतं, म्हणून ते नीट सांगायला हवं. त्यासाठी आधी दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनकडे जावं लागेल, कारण आजच्या नियमांची मुळं त्या काळात सापडतात.

आधी कायदा

ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ५ सप्टेंबरला शत्रूशी व्यापाराला मनाई करणारा कायदा मंजूर झाला. नावात व्यापार असला तरी आर्थिक, व्यापारी आणि 'अन्य' अशा सगळ्याच संबंधांना त्यात मनाई होती. जोडीला टपालाची तपासणी सुरू झाली. शत्रुप्रदेशात सरळ पत्र टाकता येईना, आणि स्वित्झर्लंडमधल्या एखाद्या मित्रामार्फत ते परस्पर पुढे पाठवणंही बेकायदा ठरलं.

शत्रू कोण, हे माणसाच्या नागरिकत्वावरून ठरत नव्हतं. तो राहतो कुठे यावरून ठरत होतं. त्यामुळे जून १९४० मध्ये पॅरिस पडल्यावर तिथे अडकलेली इंग्रज बहीण लंडनमधल्या भावासाठी शत्रुप्रदेशातली व्यक्ती झाली. जर्सी आणि गर्न्सी ही बेटं तर ब्रिटिश राजाचीच, पण जर्मन सैन्य तिथे उतरल्यावर त्यांनाही हाच नियम लागला. साहजिकच पत्राची परवानगी मागणाऱ्यांत शत्रूचे हितचिंतक नव्हते. ते होते आईबाप, बहिणी आणि मुलं. नाझी राजवटीतून सुटून ब्रिटनमध्ये आलेली सुमारे दहा हजार मुलंही त्यांत होती, आणि त्यांचे आईवडील मागेच राहिले होते.

थॉमस कुकचा मार्ग

सरकारने लांब पत्रांसाठी एकाच कंपनीला मध्यस्थ नेमलं. ती म्हणजे आज सहलींमुळे आपल्याकडेही माहीत असलेली थॉमस कुक. पत्रं आधी नेदरलँड्समधून जात. मे १९४० मध्ये तो देश जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर ती तटस्थ पोर्तुगालमधून जाऊ लागली. (याच तटस्थतेमुळे ऑक्टोबर १९४३ मध्ये गोव्यातल्या मुरगाव बंदरात 'ग्रिप्सहोम' आणि 'तेइया मारू' या जहाजांवरून आलेल्या अमेरिकी आणि जपानी बाजूच्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल होऊ शकली.)

पद्धत अशी होती. पत्र साध्या कागदाच्या दोन बाजूंत बसलं पाहिजे, मजकूर स्पष्ट हवा, खाडाखोड नको. विषय फक्त वैयक्तिक. पाठवणाऱ्याचा पत्ता पत्रातही लिहायचा नाही आणि पाकिटावरही नाही. शत्रुप्रदेशातून आधी आलेल्या किंवा तिकडे गेलेल्या पत्राचा उल्लेख चालत नसे, आणि हे पत्र मध्यस्थामार्फत येतंय असंही म्हणायचं नाही. उत्तर 'पोस्ट बॉक्स ५०६, लिस्बन' या पत्त्यावर पाठवा, एवढंच सांगायचं.

हे पत्र नाव-पत्ता घातलेल्या, तिकीट न लावलेल्या उघड्या पाकिटात ठेवायचं. सोबत एका चिठ्ठीवर ठळक मोठ्या अक्षरांत पाठवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, आणि दोन शिलिंगांची पोस्टल ऑर्डर. हे सगळं दुसऱ्या, तिकीट लावलेल्या पाकिटात घालून कंपनीच्या लंडन कार्यालयाकडे. मे १९४० पासून ब्रिटनमध्ये साध्या पत्राला अडीच पेनी पडत. दोन शिलिंग म्हणजे चोवीस पेनी, म्हणजे जवळजवळ दहा पत्रांचा खर्च. गरीब घराला हे परवडण्याजोगं नव्हतं. ही सोय होती, तरी ती सगळ्यांसाठी होती असं मला म्हणवत नाही.

रेड क्रॉसचा फॉर्म

दुसरा मार्ग याहून खूप मोठा ठरला. जवळच्या नागरिक सल्ला केंद्रात जाऊन रेड क्रॉसच्या छापील फॉर्मवर निरोप द्यायचा: सुरुवातीला वीस शब्द, पुढे पंचवीस. फॉर्म जिनिव्हाला जाई, तिथून शत्रुप्रदेशात, आणि उत्तर त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच शब्दांत येई. वाटेत दोन्ही बाजूंचे तपासनीस तो वाचत, त्यामुळे उत्तराला कित्येक महिने लागत. युद्ध संपेपर्यंत आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने नागरिकांचे असे सुमारे २ कोटी ४० लाख निरोप पोचवले.

आज कायद्याने काय मिळतं

या अनुभवातूनच युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम २५ आलं. युद्धातल्या कोणत्याही पक्षाच्या प्रदेशातल्या माणसाला, आपले कुटुंबीय कुठेही असोत, त्यांना निव्वळ वैयक्तिक बातमी कळवता आणि त्यांची मिळवता आली पाहिजे. साधं टपाल चालत नसेल तर तटस्थ मध्यस्थाची मदत घ्यायची. सरकारला निर्बंध घालायचेच असतील, तर ते ठरावीक फॉर्म, मनाने निवडलेले पंचवीस शब्द आणि महिन्याला एक फॉर्म इथपर्यंतच घालता येतात. सरकारने त्याहून कमी देणं करारात बसत नाही. भारताने हे करार १९५० मध्ये स्वीकारले आणि पाकिस्तानने १९५१ मध्ये.

युद्धकैद्यांसाठी तिसऱ्या करारात वेगळी तरतूद आहे. पकडल्यावर लगेच किंवा छावणीत पोचल्यावर फार तर आठवड्याभरात घरी कळवणारं कार्ड, मग महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं, तीही टपाल खर्चाशिवाय.

आपल्यासाठी हे पुस्तकी नाही. कराचीत गोव्याहून गेलेली ख्रिस्ती घरं आहेत, कोकणातल्या मुस्लिमांचे नातलग आहेत, मराठी बोलणारे हिंदूही आहेत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत टपाल तुटलं होतं, आणि ३ मे २०२५ रोजी भारताने पाकिस्तानातून येणारी पत्रं आणि पार्सलं घेणं थांबवलं.

निरोप पाठवायचा झाल्यास

नेहमीचा मार्ग बंद असेल आणि माणूस नात्यातला असेल, तर भारतीय रेड क्रॉसच्या राज्य किंवा जिल्हा शाखेकडे रेड क्रॉस निरोपाबद्दल विचारा. या सेवेला पैसे पडत नाहीत. जाताना समोरच्या व्यक्तीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख किंवा अंदाजे वय, शेवटचा माहीत असलेला पत्ता (गल्ली, वस्ती, जवळची मशीद, चर्च किंवा शाळा यांसह), शेवटचा संपर्क कधी झाला ते आणि तुमचं नातं लिहून न्या. स्वतःचं ओळखपत्र जवळ ठेवा. जुनं पत्र असेल तर तेही न्या, त्यावरचा पत्ता उपयोगी पडतो.

मजकूर उघडा असतो आणि वाचला जातो. म्हणून तब्येत, लग्न, जन्म, मृत्यू, कोण कुठे राहतं, एवढंच लिहा. राजकारण, सैन्य, पोलीस यांबद्दल एक अक्षरही नको. तसा निरोप अडतो आणि समोरच्या माणसालाही त्रास होऊ शकतो. पैसे किंवा वस्तू यातून जात नाहीत. एखादा नातलग बेपत्ताच असेल, तर निरोपाऐवजी शोध घेण्याची विनंती करायची असते आणि तिचा फॉर्म वेगळा असतो.

पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्या मच्छीमारांचा, उदाहरणार्थ पालघरच्या खलाशांचा, प्रश्न वेगळा आहे. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला परस्परांच्या कैद्यांच्या याद्या देतात. अशा घरांनी जिल्हा प्रशासनामार्फत परराष्ट्र मंत्रालयाशी लेखी संपर्क साधावा, अर्जात बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक न चुकता द्यावा, आणि पोचपावती घेऊन ती सांभाळून ठेवावी.