प्रोसेसर, चिपसेट व मेमरी यांची जुळणी (जुने डेस्कटॉप संगणक)

कोणता प्रोसेसर कोणत्या मदरबोर्डावर चालेल, आणि त्याच्यासोबत कोणत्या जातीची, किती मेमरी चालेल, हे ठरवणारा मेळ. २००८ पर्यंतच्या इंटेलच्या डेस्कटॉप संगणकांत या मेळाची सूत्रे चिपसेटच्या, म्हणजे मदरबोर्डावरील नियंत्रक चिपांच्या संचाच्या, हाती होती. प्रोसेसर मेमरीशी थेट बोलत नसे. नॉर्थब्रिज हा चिपसेटचा मुख्य भाग मध्ये बसून दोघांचा व्यवहार सांभाळी. त्यामुळे मेमरीची जात, तिचा कमाल वेग आणि कमाल क्षमता या मर्यादा नॉर्थब्रिजच्या असत. जुन्या संगणकाची रॅम वाढवायला निघालेला माणूस बहुधा प्रोसेसरचे नाव सांगतो. विचारायला हवे ते चिपसेटचे.

सॉकेटात, म्हणजे मदरबोर्डावरील प्रोसेसरच्या खोबणीत, बसला म्हणजे प्रोसेसर चालेल, हा सर्वांत मोठा गैरसमज. इंटेलचे एलजीए ७७५ हे सॉकेट २००४ मध्ये पेंटियम ४ साठी आले, आणि २००६ नंतरचे कोअर २ ड्युओ व कोअर २ क्वाडही त्यातच बसतात. पण २००४ च्या ९१५ चिपसेटच्या बोर्डावर कोअर २ ड्युओ बसवला, तर तो नुसता बसून राहतो. ९४५ चिपसेटची गोष्ट जास्त फसवी आहे. चिपसेटला कोअर २ चालतो, पण सुरुवातीच्या कित्येक बोर्डांवरील व्होल्टेज रेग्युलेटर त्या प्रोसेसरने मागितलेला विद्युत दाब (व्होल्ट) देऊ शकत नाही. पुढे कंपन्यांनी तोच बोर्ड सुधारून त्याच नावाने आणला. दोघांतला फरक दिसतो तो बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेल्या आवृत्ती क्रमांकात. प्रोसेसर व नॉर्थब्रिज यांना जोडणाऱ्या मार्गाचा, म्हणजे बसचा, वेगही पाहावा लागतो: ९४५ ची मजल १०६६ पर्यंत, तर कोअर २ मधील काही प्रोसेसर १३३३ ची बस मागतात. (हे आकडे मूळ घड्याळाच्या चौपट असतात, १३३३ म्हणजे ३३३ मेगाहर्ट्झ.) हीच अडचण त्याआधी सॉकेट ३७० मध्ये येऊन गेली होती. २००१ च्या ‘ट्युआलाटिन’ नावाच्या पेंटियम ३ ला संकेतांचा दाब कमी लागे, म्हणून जुन्या बोर्डांवर तो सॉकेट तेच असूनही चालत नसे.

मेमरीच्या बाबतीत ढोबळ चूक सहसा होत नाही, कारण मेमरीच्या पट्टीवरील खाच आडवी येते. एसडीरॅमच्या पट्टीला १६८ पिना व ३.३ व्होल्ट, डीडीआरला १८४ पिना व २.५ व्होल्ट, डीडीआर२ ला २४० पिना व १.८ व्होल्ट. डीडीआर३ च्या पिनाही २४०च, पण दाब १.५ व्होल्ट आणि खाच वेगळ्या जागी, त्यामुळे ती डीडीआर२ च्या स्लॉटमध्ये शिरतच नाही. खरी गोची होते ती पट्टी नीट बसते, संगणक सुरूही होतो, आणि तरी हिशेब जुळत नाही तेव्हा. १९९८ चा ४४०बीएक्स चिपसेट हा त्याचा नमुना. दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप असलेली २५६ एमबीची पट्टी तो पूर्ण ओळखतो. तेवढ्याच क्षमतेची, पण एकाच बाजूला आठ चिप असलेली पट्टी लावली, तर तो १२८ एमबीच दाखवतो. पट्टी खराब नसते. तिची प्रत्येक चिप दुप्पट दाट असते, आणि त्या चिपमधले सगळे पत्ते पुकारण्याइतक्या तारा चिपसेटकडे नसतात. म्हणून जुन्या रॅमवर नुसती क्षमता वाचून भागत नाही, चिपही मोजाव्या लागतात.

मेमरी वाढवून संगणक मंदावल्याचेही उदाहरण आहे. पेंटियमसाठीचा ४३०टीएक्स चिपसेट २५६ एमबीपर्यंत मेमरी घेई, पण त्याची कॅश (वारंवार लागणारा मजकूर हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) पहिल्या ६४ एमबीपुरतीच होती. त्यापलीकडची मेमरी कॅशविना वाचावी लागे.

वेगाचे गणितही चिपसेटच करतो. ८६५ चिपसेटवर ८०० च्या बसचा प्रोसेसर आणि डीडीआर३३३ मेमरी असेल, तर मेमरी ३३३ वर न चालता ३२० वर चालते, कारण २०० मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ५:४ हेच जवळचे प्रमाण उपलब्ध असते. (त्याने मेमरीचे घड्याळ १६० होते, आणि डीडीआरचा आकडा घड्याळाच्या दुप्पट असतो.) उलट ५३३ च्या प्रोसेसरबरोबर डीडीआर४०० लावली, तर ती ३३३ वर उतरते. आणि ९४५ वर ४ जीबी बसवून सुमारे ३ जीबीच दिसली, तर दोष ऑपरेटिंग सिस्टीमला देऊ नये. वरचे पत्ते ग्राफिक्स कार्ड व इतर उपकरणांसाठी राखलेले असतात, आणि त्यांच्याखाली झाकली गेलेली मेमरी ४ जीबीच्या पलीकडे हलवायची सोय त्या चिपसेटमध्ये नाही.

चिपसेटच्या या मध्यस्थीमुळे एकदा मोठी फजितीही झाली. इंटेलचा ८२० चिपसेट आरडीरॅम या महागड्या जातीच्या मेमरीसाठी बनला होता. त्यावर साधी एसडीरॅम चालावी म्हणून मध्ये भाषांतर करणारी आणखी एक चिप घातली गेली. तिच्यातील विद्युत गोंगाटामुळे संगणक अडू लागले आणि मे २००० मध्ये कंपनीला असे बोर्ड परत मागवावे लागले.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ आणताना मेमरीचे नियंत्रण थेट प्रोसेसरमध्ये नेले. तिथून हिशेब उलटला: मेमरीची जात बदलली की सॉकेट बदलू लागले. डीडीआरसाठी ७५४ व ९३९, डीडीआर२ साठी २००६ चे एएम२. २००९ च्या एएम३ प्रोसेसरांत मात्र डीडीआर२ व डीडीआर३ दोन्हींचे नियंत्रण असल्याने ते एएम२+ बोर्डावरही चालतात. एएम२ चा प्रोसेसर एएम३ सॉकेटात मात्र बसत नाही. इंटेलने हाच मार्ग नोव्हेंबर २००८ मध्ये कोअर आय७ पासून धरला.

प्रत्यक्ष जुळणी तपासताना प्रोसेसरच्या नावापेक्षा त्याच्या धातूच्या टोपीवर कोरलेला संकेत महत्त्वाचा. कोअर २ क्वाडमधील क्यू६६०० या एकाच नावाखाली दोन प्रोसेसर आहेत: ‘एसएल९यूएम’ १०५ वॅटचा आणि ‘एसएलएसीआर’ ९५ वॅटचा. टोपीवर लावलेली उष्णतावाहक थर्मल पेस्ट पुसल्याशिवाय ही अक्षरे दिसत नाहीत. त्यानंतर पाहायचा तो बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डावरील प्रोग्राम. नव्या प्रोसेसरची ओळख जुन्या बायोसला नसेल, तर पडद्यावर काहीच उमटत नाही. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर आहे तोवरच बायोस अद्ययावत करून घ्यावा आणि मग प्रोसेसर बदलावा.